सूर्यध्वज आणि योमितान गाव

जपानचा राष्ट्रध्वज कोणत्याही शाळकरी पोरास काढता येतो. पांढरा कागद घ्यावा, मधोमध वाटी उपडी ठेवून वर्तुळ आखावे आणि ते तांबड्या रंगाने भरावे, की झाले. इतर राष्ट्रांच्या ध्वजांत पट्टे असतात, तारे असतात, सिंह आणि गरुड असतात. या ध्वजात सूर्यबिंबाखेरीज काहीच नाही. जपानी लोक त्यास हिनोमारू, म्हणजे सूर्याचे वर्तुळ, असे म्हणतात. इतक्या साध्या आकृतीवरून भांडण्याजोगे ते काय असणार, असे कोणासही वाटेल. परंतु १९४५ च्या पराभवानंतर या वर्तुळाविषयी जपानी समाजात जो मतभेद माजला, तो अर्धशतक लोटले तरी शमला नाही. त्यापायी एका मुख्याध्यापकाने जीव दिला, एका दुकानदाराने न्यायालयाची पायरी चढली, आणि खुद्द सम्राटास एका उद्यानसमारंभात त्यावर दोन शब्द बोलावे लागले.

या वादाचा समग्र इतिहास येथे सांगावा असा आमचा विचार नाही. आम्ही ओकिनावा या एका बेटाकडे, आणि त्यातही योमितान या एका गावाकडे, वाचकांस नेऊ इच्छितो. टोकियोत वा ओसाकात ध्वजाविषयी दोन पक्ष होते आणि प्रत्येक पक्ष आपापल्या जागी बसून होता; त्यात नवल असे काही नाही. ओकिनावात मात्र एकाच पिढीने, कित्येकदा एकाच घराने, हा ध्वज प्रथम उराशी धरला आणि पुढे दूर लोटला. हे कसे घडले याचा उलगडा केला म्हणजे ध्वजप्रेम कशाला म्हणावयाचे, या प्रश्नाच्या मुळाशी आपण जाऊन पोहोचतो.

प्रथम ध्वजाचे कुळ पाहू. १८५३ साली अमेरिकेची काळी जहाजे जपानच्या किनाऱ्यावर येऊन थडकली. तेव्हा आपली जहाजे परकीयांच्या जहाजांपासून वेगळी ओळखू यावीत म्हणून १८५४ साली शोगुनाच्या राजवटीने सूर्यबिंबाचे निशाण मुक्रर केले. हे निशाण असावे असा आग्रह धरणाऱ्यांत सात्सुमा प्रांताचा अधिपती शिमाझु नारिआकिरा हा प्रमुख होता. पुढे मेइजी राजवटीत, १८७० साली, व्यापारी जहाजांसाठी या ध्वजाचा रीतसर हुकूम निघाला. म्हणजे हे मूळचे जहाजांचे निशाण होय. ते राष्ट्राचे निशाण आहे असे सांगणारा कायदा १९९९ पर्यंत झालाच नव्हता! व्यवहारात तो राष्ट्रध्वजच होता, त्याच्याखाली लक्षावधी माणसे मेली आणि मारली गेली, पण कायद्याच्या पुस्तकात मात्र त्यास स्थान नव्हते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे न्यायालयात तिचे काम पडणार आहे.

सात्सुमाचे नावही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जपानच्या नैर्ऋत्येस पसरलेल्या बेटांवर पूर्वी रियुक्यू नावाचे स्वतंत्र राज्य होते. शुरीच्या गढीत त्यांचा राजा राही, चीनला खंडणी पाठवी, आणि आग्नेय आशियाच्या बंदरांशी व्यापार करी. १६०९ साली याच सात्सुमाच्या सैन्याने ते राज्य जिंकून अंकित केले, आणि १८७९ साली मेइजी सरकारने ते पार खालसा करून त्याचा ओकिनावा नावाचा जिल्हा बनविला; शेवटचा राजा शो ताइ यास टोकियोस नेण्यात आले. तेव्हा सूर्यध्वज ओकिनावात गेला तो जेत्याचा ध्वज म्हणून गेला. मग शाळा निघाल्या. ओकिनावाची बोली बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवीत. दुसरा कोणी बोली बोलताना सापडला की ती पाटी त्याच्या गळ्यात जाई. ही शिक्षा देणारे शिक्षक बहुधा ओकिनावाचेच असत. आपली मुले पुरती जपानी झाली म्हणजे त्यांना कोणी हिणवणार नाही, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. या शिक्षकांवर राग धरणे आज सोपे आहे. पण त्यांच्या जागी आपण काय केले असते हे सांगणे तितके सोपे नाही.

युद्धकाळात हा ध्वज घरोघर होता. आघाडीवर निघालेल्या जवानास आप्तेष्ट आणि शेजारीपाजारी सूर्यध्वजाच्या पांढऱ्या भागावर सह्या करून देत, आणि तो कपड्याआड बाळगून जवान मरणास सामोरा जाई. १९३७ च्या डिसेंबरात नानजिंग पडले तेव्हा जपानी शहरांतून हेच ध्वज आणि कंदील घेऊन मिरवणुका निघाल्या. ज्यांच्यावर तो लादला गेला त्या लोकांच्या मनात त्याचे जे चित्र राहिले ते निराळे. आपल्या अंदमानातही १९४२ ते १९४५ हा ध्वज फडकत होता, आणि तेथील लोकांनी त्या तीन वर्षांत काय सोसले याच्या कथा तेथे अद्याप सांगतात.

आता १९४५ च्या वसंतऋतूकडे वळू. मार्चच्या २६ तारखेस अमेरिकन फौजा केरामा बेटांवर आणि १ एप्रिल रोजी ओकिनावाच्या मुख्य बेटावर उतरल्या. ज्या किनाऱ्यावर त्या उतरल्या, त्याच्या उत्तर टोकास योमितान हे गाव. तेथे जपानी लष्कराने शेतजमिनी घेऊन विमानतळ बांधला होता. साहजिकच पहिला घाव तेथे बसला. गावकरी चुनखडीच्या गुहांत शिरले. त्या भागात अशा गुहा पुष्कळ. त्यांस तेथील बोलीत गामा म्हणतात. योमितानच्या नामिहिरा वस्तीजवळ अशा दोन गुहा आहेत, आणि त्या दोहोंत जे घडले ते कोणत्याही इतिहासग्रंथाने एकमेकांशेजारी ठेवून सांगावे असे आहे.

चिबिचिरिगामा या गुहेत सुमारे १४० माणसे होती. शत्रूच्या हाती सापडलात तर तो हालहाल करून मारील, त्यापूर्वी स्वतःच प्राण द्यावा, हीच प्रजेची रीत, असे त्यांस वर्षानुवर्षे पढविले होते. चीनमधील युद्धात सैनिक किंवा परिचारिका म्हणून राहून आलेली माणसेही त्यांत होती. जिंकलेल्या लोकांचे काय करतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि आता आपलेही तेच होणार अशी त्यांची खात्री होती. २ एप्रिल रोजी त्या अंधारात आयांनी लेकरे मारली, अंथरुणांना आग लावण्यात आली, विषाची सुई टोचून घेण्यासाठी माणसे पुढे झाली. ऐंशीहून अधिक जीव गेले. त्यांत मुलांचा भरणा मोठा होता. तेथून जवळच असलेल्या शिमुकुगामा या दुसऱ्या गुहेत सुमारे १ हजार माणसे लपली होती. तिच्यात हवाई बेटांत मजुरी करून परत आलेले दोघेजण होते. अमेरिकन माणूस हा राक्षस नव्हे, तो शरण आलेल्यास मारीत नाही, हे त्यांस ठाऊक होते. त्यांनी पुढे होऊन सैनिकांशी बोलणे केले, आणि हजारच्या हजार माणसे जिवंत बाहेर आली. दोन्ही गुहांतली माणसे एकाच गावची, एकाच शाळेत शिकलेली. एका गुहेत जग पाहिलेली दोन माणसे होती, दुसऱ्या गुहेत नव्हती, एवढाच काय तो फरक.

जूनच्या अखेरीस सेनापती उशिजिमा याने आत्महत्या केली आणि लढाई संपली. दोन्ही बाजूंचे मिळून दोन लाखांहून अधिक लोक मेले, त्यांत ओकिनावाचे रहिवासी १ लाख २० हजारांवर होते. दर चार माणसांत एक गेला असा हिशेब तेथे सांगतात. जपानच्या मुख्य भूमीला पोहोचण्यास शत्रूला विलंब व्हावा, एवढ्यासाठी हे बेट खर्ची घातले गेले.

पराभवानंतर मुख्य भूमीवर ध्वजाचे काय झाले? अमेरिकन अधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून तो लावता येत नसे. १९४९ च्या वर्षारंभी सेनापती मॅकआर्थर याने ही बंदी उठविली. १९५० साली शिक्षणमंत्री आमानो तेइयू यांनी सणाच्या दिवशी शाळांतून ध्वज लागावा अशी इच्छा व्यक्त केली, आणि तेथपासून शिक्षकांच्या संघटनेशी सरकारचे जुंपले ते जुंपलेच. आपण ज्यांना शिकविले ती मुले ध्वज घेऊन मरणास गेली, ही बोच त्या शिक्षकांच्या मनास लागून राहिली होती. विद्यार्थ्यांना पुन्हा रणांगणावर धाडणार नाही, ही त्यांची प्रतिज्ञा होती. सर्वसाधारण माणूस या दोहोंच्या मध्ये कोठेतरी होता. १९५१ च्या मार्चमध्ये आपल्या दिल्लीत पहिले आशियाई खेळ भरले तेव्हा जपानी खेळाडू आले आणि सर्वांत अधिक पदके घेऊन गेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचे आमंत्रण ज्यांना मिळाले नव्हते त्यांचा ध्वज भारताच्या राजधानीत मानाने चढला. पुढे १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक भरले. तेव्हा ज्योत पेटविण्यास ज्या तरुणास निवडले तो हिरोशिमावर बाँब पडला त्याच दिवशी, त्याच जिल्ह्यात जन्मलेला. त्या समारंभातील सूर्यध्वज पाहून मुख्य भूमीवरील पुष्कळांच्या मनातील अढी सैल झाली. खेळाच्या मैदानावर ध्वज निरुपद्रवी दिसतो, हे खरेच आहे.

ओकिनावाची गोष्ट अगदी उलट दिशेने गेली. २८ एप्रिल १९५२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचा तह अमलात आला आणि जपान स्वतंत्र झाला. पण त्याच तहाच्या तिसऱ्या कलमाने ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात राहिला. येथे एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे, कारण ती आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. भारताने या तहावर सही करण्याचे नाकारले. ऑगस्ट १९५१ मध्ये भारत सरकारने अमेरिकेस जो खलिता धाडला त्यात जी कारणे दिली, त्यांत हे एक होते की, रियुक्यू आणि बोनिन या बेटांतील लोकांचे जपानशी ऐतिहासिक नाते असता ती बेटे जपानला परत मिळत नाहीत. आपण जपानशी निराळा तह केला तो जून १९५२ मध्ये. ओकिनावाचा प्रश्न म्हणजे दूरच्या कोणाचा तरी प्रश्न, असे म्हणून आपल्याला हात झटकता यावयाचे नाहीत, ते यासाठी.

अमेरिकन अमलाखाली ओकिनावाचा माणूस ना जपानचा राहिला ना अमेरिकेचा झाला. लष्करी तळांसाठी बुलडोझर लावून शेते ताब्यात घेण्यात आली. ३० जून १९५९ रोजी इशिकावा येथील मियामोरी प्राथमिक शाळेवर अमेरिकन जेट विमान कोसळून ११ विद्यार्थी व ६ नागरिक ठार झाले. दाद मागावयाची कोणाजवळ? जपानची राज्यघटना तेथे लागू नव्हती आणि अमेरिकेचीही नव्हती.

अशा स्थितीत सूर्यध्वजास नवाच अर्थ आला. सार्वजनिक इमारतींवर तो लावण्यास बंदी होती. घरावर लावावयाचा तर त्यात राजकीय हेतू असता कामा नये, असा नियम होता. बंदी असली की वस्तूचे मोल चढते. शिक्षकांच्या संघटनेने घराघरांत ध्वज असावा म्हणून मोहीम काढली, मुख्य भूमीवरून ध्वज आणवून शाळांमार्फत पोहोचविले, आणि मुलांस शुद्ध जपानी भाषा शिकविण्याचा धडाका लावला. या संघटनेचे अध्यक्ष यारा चोब्यो हे होत. १९०२ साली त्यांचा जन्म झाला तो योमितानमध्ये. पदार्थविज्ञानाचे शिक्षक, शांत स्वभावाचे, आणि मातृभूमीशी पुन्हा जोडले जाणे म्हणजे मनुष्य म्हणून हक्क मिळणे, असे मनोमन मानणारे. १९४७ ची नवी जपानी घटना युद्धाचा त्याग करणारी होती; तिच्या छत्राखाली जाण्याची खूण म्हणून ते या ध्वजाकडे पाहत. चिबिचिरिगामात जे घडले ते याच ध्वजाखाली घडले, हे त्या शिक्षकांस ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. पण त्याविषयी कोणी बोलत नसे. ज्या गुहेत आईने लेकरू मारले, त्या गुहेविषयी गावातील वाचलेली माणसे एकमेकांतदेखील चकार शब्द काढीत नसत. मौनावर प्रेमाचा थर चढला होता, असे आम्हांस वाटते. आणि ते प्रेम खोटे होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

ध्वज नसला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण समुद्रावरचे आहे. ओकिनावाच्या जहाजांना जपानचा ध्वज लावता येत नसे आणि अमेरिकेचाही मिळत नसे. त्यांना सांकेतिक निशाणांपैकी ‘डी’ अक्षराचे निशाण थोडे कातरून दिले होते. जगातील नाविकांस त्याचा बोध कोठून व्हावा? १९६२ च्या एप्रिलात ओकिनावाची एक मासेमारी बोट मोरोताई बेटाजवळ असता इंडोनेशियाच्या सैन्याने तिच्यावर गोळीबार केला. एक खलाशी ठार झाला, काही जखमी झाले. पुढे पाच वर्षांनी, १९६७ साली, या जहाजांवर सूर्यध्वज आणि त्याच्या जोडीस रियुक्यू नावाची त्रिकोणी पताका लावू देण्यात आली. त्या खलाशाच्या घरच्यांस सूर्यध्वज म्हणजे काय वाटले असेल, हे सांगण्यास तत्त्वज्ञान नको.

१९६० साली २८ एप्रिल हाच दिवस निवडून मातृभूमीत परतण्याच्या चळवळीची परिषद स्थापन झाली. त्या दिवसाला ओकिनावात अपमानाचा दिवस म्हणतात. दरवर्षी त्या दिवशी मोर्चे निघत, हाती सूर्यध्वज असत. १९६३ पासून ओकिनावाच्या बोटी आणि जपानी हद्दीतल्या योरोन बेटाच्या बोटी सत्ताविसाव्या अक्षांशावर, ऐन समुद्रात, एकमेकींस भेटत. १९६१ साली जपानी पंतप्रधान इकेदा आणि अध्यक्ष केनेडी यांच्या भेटीनंतर सणाच्या दिवशी सार्वजनिक इमारतींवरही ध्वज लावण्यास मुभा मिळाली. आणि ७ सप्टेंबर १९६४ रोजी ऑलिंपिकची ज्योत, आपल्या नवी दिल्लीवरून पुढे जाऊन, जपानी भूमीपैकी प्रथम उतरली ती ओकिनावाच्या नाहा शहरी. तो दिवस सणाचा नव्हता, तेव्हा नियमाप्रमाणे ध्वज लागावयास नको होते. परंतु रस्त्यांच्या दुतर्फा माणसे उभी होती आणि प्रत्येकाच्या हाती सूर्यध्वज होता. अमेरिकन अधिकाऱ्यांनी तिकडे काणाडोळा केला. त्या वेळची छायाचित्रे पाहावीत. म्हाताऱ्या बाया रडताना दिसतात. एकोणीस वर्षांपूर्वी याच बायांनी गुहांत काय पाहिले होते ते आठवले म्हणजे ती छायाचित्रे फार वेळ पाहवत नाहीत.

मग हा ओघ कोठे फिरला? १९६५ च्या ऑगस्टात पंतप्रधान सातो एसाकु नाहाला आले आणि ओकिनावा परत आल्याखेरीज जपानचे युद्धोत्तर पर्व संपणार नाही, असे म्हणाले. परंतु १९६९ च्या नोव्हेंबरात त्यांनी अध्यक्ष निक्सनशी जो करार केला त्यात बेट परत येणार होते, तळ मात्र जागच्या जागी राहणार होते. व्हिएतनामवर बाँब टाकण्यास याच बेटावरून विमाने उडत होती. ज्या घटनेच्या आशेने ध्वज हाती घेतला, ती घटना तळांच्या कुंपणाबाहेरच थांबणार हे दिसू लागले, आणि मोर्च्यांतून सूर्यध्वज हळूहळू दिसेनासा झाला. कोणी तो टाकून द्या म्हणून हुकूम काढला नाही. तो हातांतून सुटत गेला.

यारा चोब्यो तोवर लोकांच्या मतांनी निवडून आलेले पहिले मुख्याधिकारी झाले होते. १७ नोव्हेंबर १९७१ रोजी ते लोकांच्या मागण्यांचे शंभराहून अधिक पानांचे निवेदन घेऊन टोकियोस विमानाने निघाले. ते विमानतळावर उतरत होते त्याच सुमारास लोकसभेच्या समितीत सरकारपक्षाने ओकिनावा कराराची मंजुरी घाईघाईने उरकून टाकली. निवेदन पिशवीतच राहिले. सबंध आयुष्य मुलांस जपानी राष्ट्राचे धडे देण्यात घालविलेल्या शिक्षकास राष्ट्राने दिलेली ही पोच! १५ मे १९७२ रोजी ओकिनावा जपानात परतला. त्या दिवशी नाहात मुसळधार पाऊस होता. सभागृहात सरकारी सोहळा चालला होता, आणि शेजारच्या योगी उद्यानात भिजत उभे राहून हजारो लोक निषेध करीत होते. यारा नवे राज्यपाल म्हणून सभागृहात होते. बाहेर जे होते त्यांत त्यांच्याच चळवळीतील सोबती होते. उत्तर टोकाच्या हेदो भूशिरावर, जेथे पूर्वी २८ एप्रिलला शेकोट्या पेटवीत, तेथे त्या परिषदेने १९७६ साली शिळा उभारली. आणि ही शिळा विजयाचे स्मारक नव्हे, असे तिच्यावरच कोरून ठेवले.

यानंतर ओकिनावातील शाळांत ध्वज लागेना. ज्या शिक्षकांनी तो वाटला त्यांनीच, किंवा त्यांच्या शिष्यांनी, तो नाकारला. १९८५ साली शिक्षणखात्याने देशभर पाहणी केली तेव्हा पदवीदानाच्या समारंभात ध्वज लावण्याचे प्रमाण ओकिनावात नाममात्र निघाले. सरकारचा दट्ट्या आला. १९८७ साली राष्ट्रीय क्रीडामहोत्सव ओकिनावात भरावयाचा होता. सम्राट हिरोहितो स्वतः येणार होते, पण आजारामुळे युवराज आले. महोत्सवापूर्वी ध्वज चढलाच पाहिजे असा आग्रह सुरू झाला. त्या वेळचे राज्यपाल निशिमे जुन्जी हे ओकिनावाचेच, आणि ध्वजाच्या बाजूचे. आपण उर्वरित जपानपेक्षा वेगळे का दिसावे, जुने उगाळीत किती दिवस बसावे, असे म्हणणारा मोठा वर्ग बेटावरही होता. त्यांना बेइमान ठरविण्याचे कारण नाही. गरिबी आणि उपेक्षा भोगलेल्या माणसास इतरांसारखे व्हावेसे वाटणे हे पाप नव्हे.

परंतु योमितानात याच काळात दुसरीच एक गोष्ट घडली होती. १९८३ साली, अडतीस वर्षांनी, चिबिचिरिगामातून वाचलेली माणसे प्रथमच बोलू लागली. त्यांना बोलते करणाऱ्यांत गावातील दुकानदार चिबाना शोइची हा होता. त्याचा जन्म १९४८ चा, नामिहिरा वस्तीतला. म्हणजे ज्यांनी शाळेत असता कागदी सूर्यध्वज हलविले त्या पिढीचा. ज्या गुहेजवळ तो लहानाचा मोठा झाला तिच्यात काय घडले, हे त्याला पस्तिशीच्या घरात कळले. कोणी कोणाचे लेकरू कसे मारले, हे मारणाऱ्याच्या तोंडून ऐकणे म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी. १९८७ च्या एप्रिलात शिल्पकार किंजो मिनोरू यांनी वारसांच्या मदतीने गुहेच्या तोंडाशी मृतांचे स्मारकशिल्प उभारले.

महोत्सवातील सॉफ्टबॉलचे सामने योमितानला होते. मैदान बांधले होते ते जुन्या विमानतळाच्या, म्हणजे अमेरिकनांच्या ताब्यातील, जमिनीवर; आणि गावाने त्याचे नाव शांतिवन असे ठेवले होते. गावच्या सभेने ध्वजाच्या सक्तीविरुद्ध ठराव केला होता. परंतु सॉफ्टबॉल संघटनेच्या अध्यक्षांनी बजावले की, ध्वज चढणार नसेल तर सामने दुसरीकडे नेऊ. पाहुणे निघाले असताना गाव काय करणार? सरपंचांनी मान तुकविली. २६ ऑक्टोबर १९८७ रोजी सकाळी सूर्यध्वज चढला. थोड्याच वेळात चिबाना धावफलकाच्या छपरावर चढला, त्याने दोरी कापून ध्वज उतरविला, पेटविला, जमलेल्यांस दाखविला आणि खाली टाकला.

पुढे जे झाले त्यात कोणाचीच शोभा नाही. उजव्या गटांचे लोक गावात आले, चिबानाच्या दुकानावर हल्ले झाले, आणि नोव्हेंबरात गुहेपाशी उभारलेले स्मारकशिल्प फोडून टाकण्यात आले. एका कापडाचा सूड मेलेल्या मुलांच्या प्रतिमांवर उगविला! ज्या वारसांनी ध्वज जाळा असे कोणास सांगितले नव्हते, त्यांना दुसऱ्यांदा सुतक आले. सक्ती नको म्हणणाऱ्यांतही जाळणे न रुचलेले लोक होते, आणि आम्हांसही ते रुचले असे नाही. मात्र न रुचणे निराळे आणि न समजणे निराळे.

खटला उभा राहिला. गंमत अशी की, जपानच्या दंडविधानात परकीय राष्ट्राच्या ध्वजाची विटंबना हा गुन्हा होता, स्वतःच्या ध्वजाविषयी कलमच नव्हते. तेव्हा आरोप ठेवले ते मालमत्तेची नासधूस, आगळीक आणि कामात अडथळा, असे. आरोपपत्रात ‘राष्ट्रध्वज’ असा शब्द होता. बचावपक्षाने विचारले, हा राष्ट्रध्वज असल्याचे कोणता कायदा सांगतो? येथे १८७० चा तो जहाजांचा हुकूम पुन्हा बाहेर आला. १९९३ साली नाहाच्या न्यायालयाने चिबानास एक वर्षाची शिक्षा दिली आणि ती तीन वर्षे स्थगित ठेवली; १९९५ साली वरिष्ठ न्यायालयाने तीच कायम केली. फुटलेले शिल्पही १९९५ मध्येच पुन्हा उभे राहिले.

कायद्याचे जे छिद्र योमितानच्या खटल्यात उघडे पडले ते बुजविण्यास निमित्त झाले ते हिरोशिमा जिल्ह्यात. फेब्रुवारी १९९९ च्या अखेरीस सेरा गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने, पदवीदानाच्या आदल्या दिवशी, आत्महत्या केली. ध्वज आणि राष्ट्रगीत झालेच पाहिजे म्हणणारे वरिष्ठ आणि होता कामा नये म्हणणारे सहकारी शिक्षक, या दोहोंच्या कात्रीत तो सापडला होता. त्याच वर्षी १३ ऑगस्टला राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांचा कायदा जारी झाला. कनिष्ठ सभागृहात बाजूने ४०३ आणि विरुद्ध ८६ मते पडली. नागरिकांवर कोणतेही बंधन नाही, असे पंतप्रधान ओबुची यांनी सांगितले होते. पण २००३ साली टोकियोच्या शिक्षणमंडळाने शिक्षकांनी ध्वजाकडे तोंड करून उभे राहिलेच पाहिजे असा हुकूम काढला आणि न उठणाऱ्या शेकडो शिक्षकांवर कारवाई केली. २००४ च्या ऑक्टोबरात एका उद्यानसमारंभात त्या मंडळाच्या एका सदस्याने, सर्व शाळांत ध्वज लागावा हेच आपले काम, असे सम्राट अकिहितो यांना अभिमानाने सांगितले. सक्ती नसलेली बरी, असे सम्राट त्यावर म्हणाले. १९८७ साली युवराज म्हणून ओकिनावात आलेले ते हेच.

२८ एप्रिल २०१३ रोजी आबे सरकारने टोकियोत ‘सार्वभौमत्व परत मिळाल्याचा दिवस’ म्हणून समारंभ केला. मंचावर सूर्यध्वज होता. सम्राट निघाले तेव्हा सभागृहातून त्यांच्या नावाचा जयघोष झाला. ओकिनावाचे राज्यपाल गेले नाहीत, त्यांनी साहाय्यकास धाडले. त्याच दिवशी, त्याच वेळी, ओकिनावाच्या गिनोवान शहरी समुद्रकाठच्या खुल्या नाट्यगृहात सुमारे १० हजार माणसे निषेधाला जमली होती. ५० वर्षांपूर्वी याच तारखेला सूर्यध्वज हाती घेऊन मोर्च्यात चाललेली शाळकरी मुले आता साठी ओलांडलेली होती.